सुर्वेजींची वाटी

ईरा आणि नील,

मागच्या वेळी तुम्ही उज्जैनला आलात तेव्हा ईरानं माझं स्वयंपाकघर आवरून दिलं होतं. नको असलेल्या भांड्यांची पिशवी तिनं दाराशी ठेवली. त्यातली एक स्टीलची वाटी मी काढून घेतली आणि मांडणीवर परत ठेवली. "आजी, तिला पोचा पडलाय. आणि ती एकटीच आहे, कुठल्या सेटमधलीही नाही," ईरा म्हणाली. मी "राहू दे" एवढंच म्हटलं. जिला वस्तू जागच्या जागी लागते आणि मोडकी वस्तू घरात चालत नाही, त्या आजीनं ती वाटी ठेवून घेतली, म्हणून तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलात. ते मी पाहिलं होतं.

ती वाटी सुर्वेजींची. सुर्वेजी गेल्या महिन्यात गेले. माझ्यानंतर वाटी पुन्हा त्याच पिशवीत जाऊ नये, म्हणून हे लिहून ठेवते आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर नील निम्मं ऐकतो.

तुमच्या आजोबांची बँकेतून इथे बदली झाली आणि आम्ही माधव नगरात राहायला आलो. मी इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली, काही वर्षं शाळेत शिकवलं होतं. मग मक्सी रोडवरच्या एका पोह्यांच्या मिलमध्ये बाहेरदेशीच्या व्यापाऱ्यांना पत्रं लिहायला कुणीतरी हवं होतं, तिथे लागले. सहा महिन्यांनी मिलच्या मालकांनी, सेठजींनी, आठवड्याचं वेळापत्रकही माझ्याकडे दिलं. कोणत्या मशीनवर कोणत्या दिवशी कोणता माल काढायचा, ते त्यात लिहायचं. कारण विचाराल तर, "मैडम, आपकी लिखाई अच्छी है."

तुम्ही पोहे पाकिटातून काढता, म्हणून थोडं सांगते. धान गरम पाण्यात भिजवतात, तापलेल्या वाळूत भाजतात, त्याचं टरफल काढतात आणि तो गरम दाणा मशीनमध्ये टाकतात. मशीन म्हणजे एक मोठं लोखंडी तबक. ते फिरत असतं आणि त्याच्या कडेला एक जड रोलर दाण्याला दाबत असतो. थोडा वेळ दाबलं की जाड पोहे, जास्त वेळ दाबलं की पातळ. आमच्याकडे अशा तीन मशीन होत्या. पातळ पोहे फक्त दोन नंबरच्या मशीनवर नीट निघत. या तिघींची तब्येत सांभाळणारे मिस्त्री म्हणजे सुर्वेजी.

उंच, सडपातळ, कानामागे पेन्सिल, आणि शर्टाच्या खिशात कायम चमचाभर पोहे. कुणी नवीन माणूस त्यांना "तुमचं गाव कोणतं?" असं विचारी. ते म्हणत, "उज्जैन." "तसं नाही, मूळ गाव?" "मूळ पण उज्जैन. दोन-अडीचशे वर्षं झाली, अजून किती राहायचं?" त्यांचे कोणी पूर्वज दरबारच्या तोफांच्या गाड्यांची चाकं बघत, असं ते सांगत. खरं-खोटं कुणी तपासलं नाही. पण सांगताना ते अशा थाटात सांगत, की जणू ती नोकरी अजून चालू आहे.

सकाळी मशीन सुरू होऊन अर्धा तास झाला की ते वाटीत पाणी घेत आणि ती वाटी मशीनच्या बेअरिंगवरच्या सपाट झाकणावर ठेवत. मग मागे हात बांधून पाण्याकडे बघत उभे राहत. मधोमध बारीक, सारखे तरंग असले की "बोलतेय" म्हणत आणि पुढच्या मशीनकडे जात. पाणी एका बाजूला ढकललं जाऊ लागलं की थांबत, वाकून बघत, आणि मशीन चालवणाऱ्या किशनला म्हणत, "आज आवाज चढलाय हिचा. ओरडत नाहीये अजून." किशन चांगला मिशाळ, पोराबाळांचा माणूस, पण सुर्वेजींपुढे त्याचा पार विद्यार्थी होई. "उस्ताद, मला तर रोजच्यासारखीच दिसते," तो म्हणे. "तुला तुझी बायकोपण रोजच्यासारखीच दिसते. म्हणून तर जेवण थंड मिळतं."

दुसरी परीक्षा पोह्याची. ताज्या मालातला एक पोहा चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात बघायचा. कडा अखंड असेल तर ठीक. कडा फाटू लागली की रोलर सरळ चालत नाहीये. असा रोजचा एक पोहा ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात डिंकानं चिकटवून ठेवत. एका वर्षी मार्च ते मे मुंग्यांनी खाल्ले. तेव्हापासून ते वर पारदर्शक चिकटपट्टी लावू लागले.

मला ते कॅलेंडर बघवेना. मी त्यांच्यासाठी एक रजिस्टर आखलं: तारीख, किती तास चालली, गरम किती झाली, आवाज, शेरा. त्यांनी महिनाभर निमूटपणे भरलं. शेऱ्याच्या खान्यात "ठीक", "ठीक", "ठीक", आणि एके दिवशी "ठीक आहे, पण मनापासून नाही." मी विचारलं, हा काय शेरा झाला? ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही फोनवर घरी 'ठीक आहे' म्हणता तेव्हा साहेबांना कळतं की नाही, कोणतं ठीक आहे ते?"

आता माझी चूक सांगते.

आपल्याकडे माळव्यात कारागीर अमावस्येला काम काढत नाहीत. मिलही त्या दिवशी बंद असे. झाडलोट, तेलपाणी, हत्यारांना उदबत्ती, एवढंच. मला वाटलं, दिवस बंदच आहे तर वाया का घालवायचा? मी नियम केला की दर अमावस्येला तिन्ही मशीन पूर्ण उघडायच्या, साफ करायच्या, पुन्हा बसवायच्या. वर्षभराच्या अमावस्या पंचांगातून काढून तक्ता टाइप केला आणि भिंतीवर लावला. दिसायला फार सुंदर होता.

तिसऱ्या का चौथ्या अमावस्येला सुर्वेजी ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, दोन नंबरवालीला काही झालेलं नाही. तेल देतो, उघडत नाही."

"तक्त्यात उघडायचं लिहिलं आहे."

"तक्त्यात आहे. मशीनमध्ये नाही."

"सुर्वेजी, तिन्ही मशीनना एकच नियम नको का? नाहीतर प्रत्येक वेळी तुम्ही म्हणाल आणि मी ऐकेन, असं होईल."

"तसं झालं तर वाईट काय?" एवढं म्हणून ते हसले. मग गंभीर झाले. "ठीक है. तुमच्या सहीनं उघडतो."

त्यांनी उघडली, साफ केली, बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी ठेवली आणि दोन मिनिटांत ती झाकणावरून उडून फरशीवर आपटली. तो पोचा तेव्हाचा. बेअरिंग बसवताना किंचित तिरकं बसलं होतं. दोन दिवस मशीन बंद राहिली, भिजवलेलं धान आंबलं, ते गुरांना घालावं लागलं.

सेठजींनी आम्हाला दोघांनाही बोलावलं. "किसकी गलती है?" मी तोंड उघडणार तेवढ्यात सुर्वेजी म्हणाले, "बेअरिंग तिरछा बैठ गया, सेठजी. मेरे हाथ से बैठा." तक्त्याचं नावही काढलं नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तुम्ही खरं का नाही सांगितलं?"

"खरंच सांगितलं. हात माझेच होते."

"पण उघडायला मी लावलं."

"ते सांगितलं असतं तर तुम्ही रागानं रजिस्टरच बंद केलं असतं. रजिस्टर चांगलं आहे, मॅडम. मागचं पान उलटून बघितलं की कळतं कधी काय झालं ते. फक्त तक्त्यात तारीख हुकूम देते, ते नको. चालत्या मशीनला उगीच हात लावला की तिची बसलेली घडी मोडते. लवकर उघडली तर तुमची चूक, उशिरा उघडली तर माझी. मधली वेळ दोघांनी मिळून शोधायची."

मी तक्ता भिंतीवरून काढला. त्या जागी आम्ही दोघांनी ठरवलेली दोन वाक्यं लिहिली. अमावस्येला तेल द्यावं, पाहावं, उघडू नये. वाटी बिघडली तर लक्ष ठेवावं, वाटी आणि पोहा दोन्ही बिघडले तर उघडावं. सुर्वेजींनी ती वाटी फेकली नाही. पोचा काठाखाली बोटभर होता. रोज पाणी बरोबर पोच्यापर्यंत भरायचं, म्हणजे रोजचं पाणी सारखं राहतं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

त्यानंतर त्यांनी मला माझंच वेळापत्रक शिकवलं. मी ऑर्डर आल्या त्या क्रमानं माल लावत असे. आधी आलेला आधी, हा शाळेतला न्याय. ते एकदा पेन्सिल घेऊन माझ्या समोर बसले. "मॅडम, तुम्ही शाळेत होतात. पेपर सकाळी तपासायचे की दिवसभर शिकवून झाल्यावर?"

"सकाळी. डोकं ताजं असतं."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी वह्यांवर सह्या."

"मशीनचंही तेच. उघडून बसवली की ताजी असते, तेव्हा पातळ पोहे काढा. त्यात तिला जास्त वेळ दाबावं लागतं, कडा जपाव्या लागतात. थकत चालली की मध्यम. अगदी थकली की जाड, आपल्या ठेल्यांवरचे. त्यात कडा थोडी फाटली तरी वर शेव आणि जीरावण मसाला पडतो, कोण बघतं? आणि मग उघडा. तुम्ही थकलेलीकडून पेपर तपासून घेता आणि ताजी असताना सह्या."

इतकी साधी गोष्ट मला एम. ए. होऊन सुचली नव्हती. माल आणि दुरुस्ती यांची मी दोन वेगळी वेळापत्रकं करत होते. त्यांच्या डोक्यात ते एकच होतं.

त्याची कसोटी दिवाळीला लागली. दिवाळीआधी पातळ पोह्यांचा सगळ्यांत मोठा ट्रक पुण्याला जातो. तिकडच्या घरांतून चिवडा व्हायचा असतो. उशीर झाला तर तो माल कुणी घेत नाही आणि पुढच्या वर्षी तो व्यापारीही येत नाही. ट्रक शनिवारी सकाळी निघायचा होता. दोन नंबरच्या मशीनवर पातळ मालाला दोन दिवस लागणार होते. मी सोमवार-मंगळवार पातळ लावले होते आणि नंतर जाड. आधी महत्त्वाचं उरकावं, मग बाकीचं.

सोमवारी सकाळी सुर्वेजी वाटी आणि एक पोहा घेऊन आले. "वाटी पण बिघडली, पोहा पण. उघडावी लागेल."

अडचण अशी, की त्या मापाचं बेअरिंग इंदूरच्या दुकानदाराकडे बुधवारी सकाळी येणार होतं. सुर्वेजींचं म्हणणं, सोमवार-मंगळवार हलक्या हातानं जाड पोहे काढू, ते तिला झेपतील. बुधवारी सकाळी सहाला बंद करू. आठ तासांत काम होईल. मग ताज्या मशीनवर पातळ.

सेठजींना ते मुळीच पटलं नाही. त्यांचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. "मिस्त्रीजी, दो ही दिन की तो बात है. पहले पतला निकाल लो, फिर चाहे महीना भर खोल के बैठो."

"दो दिन पतला नहीं झेलेगी, सेठजी."

"पक्का?"

"पक्का कोई नहीं बोल सकता. चल भी सकती है. पर बीच में बैठ गई तो आधा माल भट्टी में और बेअरिंग इंदौर में."

"और तुमने खोली, और समय पर नहीं लगी तो?"

सुर्वेजींनी तो पोहा त्यांच्यापुढे धरला. सेठजी म्हणाले, "माल नहीं गया, तो अगली दिवाली किसी और मिल में मनाना." मग माझ्याकडे वळले. "मैडम, टाइमटेबल आपका है. आप जो लिख देंगी, वही चलेगा."

ते निघून गेले. सुर्वेजींची मोठी मुलगी त्या वर्षी लग्नाची होती, दुसरी कॉलेजात. या वयात दुसरी मिल त्यांना कोण देणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण ते माझी मनधरणी करायला थांबले नाहीत. "चला, तुम्हीच बघा," म्हणाले.

त्यांनी पोच्यापर्यंत पाणी भरलं आणि वाटी झाकणावर ठेवली. मी त्यांच्यासारखे मागे हात बांधून उभी राहिले. आधी मला काहीच दिसेना. मग दिसलं, पाणी थोड्या थोड्या वेळानं पोच्याच्या बाजूला सरकत होतं, जसं कुणी वाटीला कोपरानं ढोसावं. पोहा उजेडात धरला. एक कड कागद फाडल्यासारखी होती.

ऑफिसात येऊन मी वेळापत्रक पुन्हा लिहिलं. सोमवार-मंगळवार जाड. बुधवार सकाळी सहा ते संध्याकाळी सात बंद. नंतर पातळ. खाली सही केली आणि सुर्वेजींना फक्त "जाड लावलंय" असं सांगितलं.

जाड पोहे दोन दिवस निघाले. मशीन कुरकुरली, थांबली नाही. बुधवारी ती उघडली तेव्हा बेअरिंगच्या आतल्या कडीला केसाएवढी चीर होती. पण ते जुनं बेअरिंग दांड्यावरून निघेचना. तापवलं, ठोकलं, तेल सोडलं. दुपारी दोन वाजले तरी तसंच. सेठजी येऊन उभे राहिले. "मिस्त्रीजी, दो बज गए."

मशीनखालून आवाज आला, "घड़ी ठीक है, सेठजी. गलत मैं हूँ."

सेठजींचा चेहरा बघून मी वेळापत्रक त्यांच्यापुढे धरलं. "सेठजी, पातळ माल सातला सुरू व्हायचा आहे. अजून पाच तास आहेत." त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि परत देऊन गेले.

सुर्वेजी ग्रीसनं माखलेले बाहेर आले. "मॅडम, मी आठ तास म्हटलं होतं."

"हो."

"तुम्ही तेरा लिहिले. मला न सांगता?"

"तुमचे आठ तास म्हणजे किती, ते रजिस्टरमध्ये आहे. मागची पानं उलटून बघितली."

ते इतक्या मोठ्यानं हसले की किशन धावत आला. "अरे किशन, ताईंना चहा सांग. मला पण." त्या दिवसापासून मी मॅडमची ताई झाले.

जुनं बेअरिंग शेवटी चारला निघालं, इंदूरहून आलेलं नवं बसलं, आणि सातला दहा मिनिटं कमी असताना वाटी ठेवली. पाणी आरशासारखं होतं, मधोमध फक्त बारीक थरथर. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचं पोतं शिवलं गेलं आणि शनिवारी सकाळी ट्रक निघाला. सेठजी फाटकात सुर्वेजींना म्हणाले, "अगली दिवाली भी यहीं मनाना."

मी नंतर त्यांना विचारलं होतं, उघडली नसती तर खरंच मध्येच बसली असती का? नील, तूही हेच विचारशील. ते म्हणाले, "माहीत नाही, ताई. कदाचित चार दिवस चालली असती. जे झालं नाही ते दाखवू कसं? दिसलं त्यावरून ठरवायचं, आणि ठरवल्यावर परत परत उकरायचं नाही. ते पण उगीच उघडण्यासारखंच आहे." मी आयुष्यात पुढे बरेच निर्णय घेतले. तुमच्या आजोबांच्या ऑपरेशनचाही त्यातलाच. तेव्हा मला हे वाक्य उपयोगी पडलं.

निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झाल्यावर त्यांनी वाटी रुमालात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवली. मी म्हटलं, ही मिलला लागेल. "किशनला दुसरी घेऊन दिलीय. ही तुमची. पोचा तुमचा आहे ना," असं म्हणाले आणि हसले.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते मागच्या हिवाळ्यात, टावर चौकात. मी औषधं घ्यायला गेले होते. एका ठेल्यापाशी ते उभे होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा कपाळावर चढवलेला, हातात पोह्यांचा कागद. खात नव्हते. वरची शेव बाजूला सारून एक पोहा चिमटीत धरला होता आणि सकाळच्या उन्हात तो वळवून वळवून बघत होते. ठेलेवाला वैतागून म्हणाला, "बाबूजी, ताजे हैं."

"ताजे हैं, भैया. माल किस मिल का है?"

त्यानं आमच्याच मिलचं नाव सांगितलं. तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. नमस्कार नाही, कशा आहात नाही. "ताई, दोन नंबरवाली आहे. कड फाटायला लागलीय. आठवड्याभरात उघडायला सांगा."

मी तिथूनच किशनला फोन लावला. आता तिथला मिस्त्री तोच आहे. तो म्हणाला, "ताई, परसों खोल रहे हैं. वाटी ने सोमवार को ही बोल दिया था." मी ते सुर्वेजींना सांगितलं. त्यांनी मान हलवली, तो पोहा तोंडात टाकला, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मग आरामात खायला लागले.

वाटी मांडणीच्या तिसऱ्या फळीवर उजवीकडे आहे. मिलमध्ये दोन नंबरची मशीन अजून चालते, आणि उघडून बसवल्यावर तिच्यावर आधी पातळ पोहेच काढतात.